मशीन मिळाली, पुढे काय?

(पानशेत येथील निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून संविधान झालं, माहितीचा अधिकार झाला. आता जेवणाआधीचं सत्र माझं आहे आणि पत्रकावर त्याचं नाव छापलंय ‘टाकाऊतून टिकाऊ’. हे नाव मी दिलेलं नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी करायचो, तसं काहीतरी वाटतं त्यातून. मी गेली तीस वर्षं जुन्या कपड्यांवर घर चालवलंय, दोन मुलं शिकवलीत. त्यामुळे नाव राहू द्या, मी माझं बोलते.

आधी ही गोधडी घ्या. पुढे पाठवा, हात लावून बघा. मळेल म्हणून घाबरू नका, ती मळलेलीच आहे. मधे तपकिरी डाग दिसतोय ना, तो चिखलाचा आहे आणि तो चिखल इथून गेलेला आहे. खिडकीतून जे पाणी दिसतंय त्याच्याशी माझ्या घरचं नातं एवढंच, पण जुनं.

तुमच्यापैकी बरेच जण धरण बघून आलात, फोटो काढलेत. ते धरण नंतर पुन्हा बांधलेलं आहे. आधीचं मातीचं धरण १२ जुलै १९६१ला, बुधवारी सकाळी फुटलं. आंबी नदीवरचं ते काम पुरं व्हायच्या आत पाणी साठवलं होतं, मोरीचं काम अपुरं होतं, आणि पाऊस थांबत नव्हता. आदल्या रात्री लष्कराचे जवान पोती भरभरून बांधावर रचत होते. पोत्यांनी जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात रात्र सरली, म्हणून माणसं झोपेत सापडली नाहीत असं जुनी माणसं सांगतात. पुढे खडकवासलाही टिकलं नाही आणि पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं.

माझी दादी तेव्हा कसबा पेठेत नदीच्या अंगाला राहायची. कडेवर माझी फुफी, हाताशी माझे अब्बा, अशी ती लष्कर भागात नातेवाइकांकडे गेली. चार दिवसांनी परत आली तर घरात गुडघाभर चिखल. लोखंडी पेटीतले कपडे एकमेकांना चिकटून त्याची एक वीट झाली होती. शेजारणी म्हणाल्या, टाकून दे. दादी म्हणाली, “फेकना नै. धोके देखेंगे.” तिने ते तीन पाण्यांतून काढले. जिथे कापड कुजलं होतं तेवढं कापून टाकलं, उरलेल्याचे चौकोन केले. तिच्या निकाहचा कुर्ता त्यात आहे, माझ्या दादांच्या पायजम्याचा कपडा आहे, अब्बांचं झबलं आहे. आणि वरचा थर बघा, हिरवं काठाचं लुगडं. आमच्यात कोणी नऊवारी नेसत नाही. मदतीच्या गाठोड्यातून ते आलं होतं. कोणाचं, हे दादीला कळलं नाही. पुण्यातल्या कोणा बाईने पेटी उघडून दिलेलं लुगडं आमच्या घरात साठ वर्षं पांघरलं जातंय.

आता टाके बघा. बाहेरच्या कडेपासून धावदोरा सुरू होतो, चारही बाजूंनी फिरत फिरत मध्यावर येऊन संपतो. आपल्याकडची गोधडी अशीच असते. तिकडे उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलात सिद्दी लोकांची वस्ती आहे. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात, तीही कडेपासून आत येते. चार कोपऱ्यांवर त्या कापडाचे घडी घातलेले त्रिकोण लावतात. त्याला फूल म्हणतात. फूल नसलेली कवंदी त्यांना उघडी वाटते. कोणी त्यात चंद्रकोर शिवतं, कोणी क्रूस शिवतं, पण फूल सगळ्यांचं एकच. हे मी कुठे बोलले की लोक लगेच टाळ्या वाजवतात, सर्वधर्मसमभाव म्हणून. मला मात्र आधी हे दिसतं की तिन्ही धर्मांत शिवायला बसलेली बाईच आहे. आणि थंडीही तिन्ही घरांत सारखीच असणार.

आपल्या घरात जुन्या कपड्याला एक शब्द आहे, उतरन. दुसऱ्याने अंगावरून उतरवलेलं. मी पाचवीत असताना ज्या घरी अम्मी कामाला जायची त्यांच्या मुलीचा फ्रॉक मला मिळाला आणि ईदला मी तो घातला. त्या मुलीने रस्त्यात ओळखला. ती काही बोलली नाही, चांगली मुलगी होती, नुसती बघत राहिली. मी घरी येऊन तो फ्रॉक उलटा करून घातला. त्या लाजेचं मला आज हसू येतं, पण खोटं सांगत नाही, ती पूर्ण गेलेली नाही. शहरातल्या मोठ्या घरच्या मुली आता जुने कपडे हौसेने विकत घेतात, त्याला ‘थ्रिफ्ट’ म्हणतात. चांगलंच आहे. पण ज्याच्याकडे नवं घ्यायचे पैसे आहेत त्याने जुनं घातलं तर ती आवड होते, आणि आपण घातलं तर उतरन होते. हा फरक कापडात नाही, हे मला कळायला फार वर्षं लागली.

हदीसमध्ये हजरत आयेशांची रिवायत आहे. घरात रसूल काय करायचे असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की ते आपले कपडे शिवायचे, आपली पायताणं सांधायचे. जुम्म्याच्या बयानात मी ही गोष्ट पुष्कळदा ऐकली, सादगीचं उदाहरण म्हणून. घरातल्या कामाचं उदाहरण म्हणून कोणी सांगितलेली ऐकली नाही. इथे जे मुलगे बसलेत त्यांच्यापैकी कितीजणांना सुईत दोरा ओवता येतो? हात वर करा. चार. बरं, माझ्या अपेक्षेपेक्षा दोन जास्त आहेत.

आता मशीनबद्दल. खरं म्हणजे मला त्यावरच बोलायचं होतं.

१९९४ साली मला तलाक मिळाला. ‘मिळाला’ म्हणते, कारण मी मागितला नव्हता. पोस्टाने आला. मोठा मुलगा चार वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची. मेहर ठरली होती ती किती होती हे सांगायलाही लाज वाटते, आणि तीही हातात आली नाही. अब्बांनी मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांना बसवलं. चहा झाला. तासभर बोलणं झालं, त्यात नवऱ्याने मुलांना काय द्यावं हा विषय पाच मिनिटं, आणि हिला काय काम द्यावं हा विषय पंचावन्न मिनिटं. शेवटी ठरलं, मशीन देऊ. महिनाभराने एका कार्यक्रमात मला शिलाई मशीन दिली. माझ्यासारख्या आणखी सहाजणी होत्या. हार घातले, फोटो काढला. त्या फोटोत सगळे पाहुणे हसतायत आणि आम्ही सातजणी मशीनच्या मागे उभ्या आहोत, आमचे फक्त चेहरे दिसतायत.

ज्यांनी मशीन दिली त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याच मशीनवर मी जगले. पण त्या मशीनने एक काम असंही केलं की प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. तिला साधन दिलं ना, आता नवऱ्याला कशाला त्रास. शाहबानो बेगमना उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी दिली होती, ती १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, त्यावर देशभर केवढं वादळ झालं. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. मग आम्हाला सांगण्यात आलं की आता इद्दतच्या तीन महिन्यांपलीकडे काही मागता येत नाही. मी ते खरं मानलं. २००१ साली डॅनियल लतीफी खटल्यात न्यायालयाने सांगितलं की त्याच कायद्यात पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद इद्दतच्या काळातच करून द्यायची आहे. आणि १० जुलै २०२४च्या निकालाने हेही स्पष्ट झालं की तलाक झालेली मुसलमान बाई जुन्या फौजदारी संहितेतल्या कलम १२५खाली, जे सगळ्या देशाला लागू होतं, पोटगी मागू शकते. माझी मुलगी तेव्हा तीस वर्षांची झाली होती. ती मला म्हणाली, “अम्मी, तुझा हिशोब काढू का व्याजासकट?”

१८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी ज्या सातजणींना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, त्यांची आठवण या व्यासपीठावरून दरवर्षी काढली जाते. त्या कायदा मागायला गेल्या होत्या. आमच्या फोटोतही सातच होतो. आम्ही काहीच मागितलं नव्हतं, आम्हाला दिलं गेलं. या दोन सातांमधलं अंतर मी पुष्कळदा मनात मोजते.

तर मशीन घरी आली. तिच्याबरोबर सुया नव्हत्या, दोरा नव्हता, कापड नव्हतं आणि काम नव्हतं. एका दुकानाने परकर शिवायला दिले. नगाला दीड रुपया, दोरा माझा. मुलं झोपल्यावर बसायचं, दिवसाला दहा-बारा व्हायचे. पंधरा ते अठरा रुपये. त्यातून दोरा गेला, तेल गेलं. एखादी टीप वाकडी गेली की परकर परत आणि पैसे कापून. मी हा हिशोब कधी मांडला नाही, कारण मांडला असता तर मशीन बंद करावी लागली असती.

जुन्या बाजाराची वाट मला शेजारच्या खालांनी दाखवली. मंगळवार पेठेतला बाजार, बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे कपड्यांचे ढीग असतात. ते कुठून येतात माहितीये? आपल्या दारावर जी बोहारीण येते, स्टीलचं पातेलं देऊन तीन साड्या आणि दोन पँटी मागते, आणि आपण तिच्याशी एका वाटीसाठी अर्धा तास घासाघीस करतो, तिच्याकडून. ती घरी नेऊन निवडते, धुते, उसवलेलं शिवते. या सगळ्या धंद्यातली पहिली मेहनत तिची, आणि तिला कोणी कारागीर म्हणत नाही.

ढिगात हात कसा घालायचा ते सांगते, मुलींनो, हे लिहून घेतलंत तरी चालेल. कपडा उजेडाकडे धरा. काखेत, कॉलरवर, गुडघ्यावर आणि बसायच्या जागी कापड आधी विरतं. पाठ आणि पदराच्या आतला भाग सहसा शाबूत असतो. सुती आहे की नाही हे विक्रेत्याला विचारू नका, तो सुतीच म्हणेल. कडेचा एक दोरा काढून घरी जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळतो, त्याचा कडक मणी होतो. जीन्स घेतली तर मशीनला सोळा नंबरची सुई लावा, बारीक सुई मोडते आणि मोडलेला तुकडा उडतो. स्वेटर घेताना आतली शिवण बघा. शिवण कापून ओव्हरलॉक मारलेली असेल तर लोकर तुकड्या-तुकड्यांनी निघते, काही उपयोग नाही. तुकडे आकाराने विणून नुसते जोडलेले असतील तर जोड सोडवा, वरच्या बाजूचं टोक शोधा, अख्खा स्वेटर एका दोऱ्यात उसवत येतो. ती लोकर कुरळी असते. लडी करा, कोमट पाण्यात बुडवा, खाली थोडं वजन बांधून टांगा, दुसऱ्या दिवशी सरळ. क्रोशाला एकदम तयार.

क्रोशा मला अम्मीने शिकवला होता. ती अब्बांच्या नमाजाच्या टोप्या विणायची, पांढऱ्या दोऱ्याच्या, जाळीच्या. साखळी, खांब, मुका खांब. मुका खांब हे नाव मला फार आवडतं. आखूड असतो, दिसत नाही, पण टोपीचा गोल तोच धरून ठेवतो. कपड्यांचा क्रोशा मी नंतर शिकले. जुन्या टी-शर्टला खालच्या कडेपासून गोल गोल, न तोडता, बोटभर रुंद कापत गेलं की काखेपर्यंत एकच लांब पट्टी निघते. ती ताणली की आपोआप गुंडाळते आणि दोरीसारखी होते. जाड सुई घ्यायची आणि विणायचं. पायपुसणी, टोपल्या, पिशव्या होतात.

२००९च्या सुमाराला आम्ही अकराजणी झालो. तलाकवाल्या पाच, विधवा तीन, आणि तिघींचे नवरे होते पण घरी पैसे देत नव्हते. आम्ही पिशव्या करायला लागलो. लोक म्हणायचे, किती सुंदर! दोनशेला एक अशा संपायच्याही. वर्षभराने माझा मुलगा, बारावी कॉमर्सचा, वही घेऊन बसला. तीन टी-शर्ट, वीस रुपयांना एक, साठ. अस्तर पंधरा. बटण आणि दोरा दहा. पंचाऐंशी झाले. मग त्याने विचारलं, एका पिशवीला वेळ किती? कापायला एक तास, विणायला सहा, अस्तराला दीड. साडेआठ तास. उरले एकशे पंधरा, भागिले साडेआठ. तासाला साडेतेरा रुपये. तो काही बोलला नाही. आमच्यातली एक आपा म्हणाली, “म्हणजे मी धुण्याभांड्याला गेले असते तर जास्त मिळाले असते.” खोलीत कोणी काही बोलेना.

मारिया मीस नावाच्या एका जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलंय, १९८२ साली आलं. तिथे मिशनऱ्यांनी ही कला शिकवली आणि पुढे तिचा परदेशात जाणारा मोठा व्यापार झाला. विणणाऱ्या बायका घरात बसून दिवसभर विणायच्या, व्यापारी श्रीमंत झाले. आणि त्या बायकांना काय म्हणायचे? गृहिणी. फावल्या वेळात विणतात. मी ते पुस्तक इंग्रजीत वाचू शकले नाही, आमच्या एका कार्यकर्तीने मला तोंडी समजावलं. ती सांगत असताना माझ्या हातात पिशवी होती. मी ती बाजूला ठेवली.

मग आम्ही दोन गोष्टी बदलल्या. अख्खी पिशवी विणणं सोडलं. अंग जीन्सचं किंवा जुन्या चादरीचं, मशीनवर शिवलेलं, आणि क्रोशा फक्त बंदाला आणि झाकणाला. तीन तासांत एक होते. माल नव्वदचा, किंमत साडेतीनशे. आता भागाकार तुम्ही करा. दुसरं, प्रत्येक पिशवीच्या आत शिवणारणीच्या नावाची पट्टी लावली. नाव लावायला चौघींचा विरोध होता, घरच्यांना आवडणार नाही म्हणून. त्यांनी पहिल्यांदा नुसतं अक्षर लावलं. दोन वर्षांनी तिघींनी पूर्ण नाव लावलं. चौथीने अजून लावलेलं नाही, आणि आम्ही तिला त्याबद्दल विचारत नाही.

सगळं छान झालं असं समजू नका. एकदा चाळीस अभ्र्यांची मोठी ऑर्डर होती. पांढऱ्या सुती कापडावर लाल बांधणीच्या जुन्या ओढण्यांचे तुकडे लावले. दिसायला इतके देखणे की आम्हीच फोटो काढत बसलो. पहिल्या धुण्यात सगळे गुलाबी झाले. चाळीसच्या चाळीस परत. सहा हजारांच्या वर गेले, तीन महिने कोणाला पैसे मिळाले नाहीत आणि दोघी सोडून गेल्या. चूक माझी होती. मीठ टाकून धुतलं होतं, रंग पक्का होईल म्हणून. हा आपल्या बायकांचा फार जुना समज. कापड रंगवताना मिठाचा उपयोग असतो, पण आधीच रंगलेल्या कापडातून सुटणारा रंग मिठाने बसत नाही. आता प्रत्येक गडद कापड अर्धा तास गरम पाण्यात ठेवतो, मग ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवतो. फडक्याला रंग लागला की ते कापड पांढऱ्याजवळ जायचं नाही.

एक प्रसंग सांगते, कारण दुपारी कोणीतरी विचारणारच. आपल्या घरात सगळ्यात जास्त जुनं कापड कोणतं निघतं? बुरख्याचं. काळं, सुळसुळीत, मजबूत, आणि ते जुन्या बाजारातही कोणी घेत नाही. पिशवीच्या अस्तराला त्याच्यासारखं कापड नाही, मळ दिसत नाही, धूळ झटकली की जाते. पण कात्री लावायला कोणी तयार होईना. एकीने विचारलं, गुनाह तर होणार नाही? आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर खाला, पाच वेळच्या नमाजी, हज केलेल्या. त्यांनी पिशवीतून आपला जुना बुरखा काढला आणि म्हणाल्या, “कपडाच है बेटी. मेरेकु ढांकता था, अब थैली कु ढांकेगा.” आणि त्यांनीच पहिली कात्री लावली. मोहल्ल्यात बोलणं झालंच. दोन घरांनी मुलींना पाठवणं थांबवलं. एक मुलगी सहा महिन्यांनी परत आली, दुसरी आली नाही. तिचा हात आमच्यात सगळ्यात साफ होता.

एकटीदुकटीने भाव मागता येत नाही, हे आपल्या आधी अहमदाबादच्या बायकांनी शिकवलंय. तिथे गिरण्यांतून चिंध्या निघायच्या. दर्यापूर भागातल्या बायका, बहुतेक मुसलमान, त्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवायच्या. व्यापारी चिंध्या द्यायचे आणि खोळी घ्यायचे, भाव त्यांचाच. इला भट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना सुरू केली होती. या बायका तिच्यात आल्या आणि भाव वाढवून मागितला. व्यापाऱ्यांनी आधी मान्य केलं आणि मग बदला घेतला, कामच देईनात. तेव्हा संघटनेने गिरण्यांकडून थेट चिंध्या मिळवल्या आणि पुढे बायकांची ‘सबीना’ नावाची सहकारी संस्था उभी राहिली. कच्चा माल ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात. आम्ही जुन्या बाजारात अकराजणींच्या वतीने एकजणच पाठवतो, ती गठ्ठ्याने घेते, याचं कारण तेच. वीसचा टी-शर्ट बाराला पडतो.

सरकारचं थोडं सांगते. घरात बसून काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १७७ नंबरचा करार केला. आपल्या देशाने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तोवर जे आहे ते घ्या. ई-श्रम पोर्टल २०२१पासून आहे, तिथे नाव नोंदवा, आणि व्यवसायाच्या रकान्यात शिवणकाम लिहा. केंद्रावरचा मुलगा न विचारता भलतंच भरून टाकतो, म्हणून त्याच्या शेजारी उभं राहून बघा. पीएम विश्वकर्मा योजनेत दर्जी हा अठरा कामांपैकी एक आहे. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मिळतात आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. पण यात एक मेख आहे. एका कुटुंबात एकालाच. नवऱ्याने सुतार म्हणून नोंदणी केली असेल तर त्याच घरातल्या बायकोला दर्जी म्हणून करता येत नाही. आता कोणत्या घरात कोणाचं नाव आधी लागतं ते तुम्ही मला सांगू नका, मला माहितीये. आपल्या मासिकाने यावर लिहावं, एक अर्ज तयार करावा, असं मी संपादकांना इथेच सांगते. ते समोर बसलेत आणि खाली बघतायत.

काल संध्याकाळी मी गावात चक्कर मारली. रविवारी पुण्याहून गाड्याच गाड्या येतात. धरणाच्या वाटेवर भजी, कणीस विकणाऱ्या इथल्या बायकांशी बोलले. भातलावणी झाली की हात रिकामे असतात म्हणाल्या. त्यांच्याकडे लुगड्यांच्या गोधड्या आहेत, माझ्या दादीच्या गोधडीपेक्षा सुरेख. विकायचं कधी सुचलं नाही, घरच्या पांघरुणाचे कसले पैसे, असं एक आजी म्हणाली. मी तिला विचारलं, एक शिवायला किती दिवस? “मोजले न्हाईत बाई.” मी तिला दुपारी इथे बोलावलंय. ती येईल की नाही माहीत नाही. आली तर मुलींनो, तिला खुर्ची द्या, आणि टाका तिच्याकडून शिका, माझ्याकडून नको. मुलगा वही घेऊन येणार आहे, आधी तिचे दिवस मोजू आणि मगच किमतीचं बोलू.

माझ्या मुलीने एकदा विचारलं होतं, तुला पोटगी मिळाली असती तर तू शिवलं असतंस का? मी म्हणाले, शिवलं असतं. पण रात्री दोन वाजता नाही.

बरं, संयोजक घड्याळ दाखवतायत. जेवण झालं की वरच्या खोलीत या. मी पाच स्वेटर आणलेत, कात्र्या आहेत, क्रोशाच्या सुया सगळ्यांना पुरणार नाहीत, दोघींत एक. स्वेटर उसवायला दोन माणसं लागतात, एक ओढायला आणि एक गुंडाळायला, त्यामुळे हात वर न केलेल्या मुलग्यांनीही यायचंय. आणि माझी गोधडी कुठपर्यंत पोहोचली? शेवटच्या रांगेत कोणीतरी पांघरून बसलंय वाटतं. असू दे, असू दे. सत्र संपल्यावर आणून द्या.